खासदाराच्या मतदानाचा आणि भूमिकांचा मागोवा: काही महिन्यांच्या वापरानंतर

अठराव्या लोकसभेचे कामकाज सुरू झाल्यापासून मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांच्या संसदेतील कामाची नोंद नियमाने ठेवत आलो आहे. त्यासाठी मुख्यतः दोन साधने वापरतो. एक म्हणजे दोन्ही सभागृहांचे प्रश्न, चर्चा, विधेयके आणि समित्यांचे अहवाल एकत्र ठेवणारे डिजिटल संसद हे अधिकृत संकेतस्थळ, आणि दुसरे म्हणजे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचे एमपी ट्रॅक हे पान. जोडीला माझी स्वतःची एक साधी एक्सेल वही आहे. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, खासदार संसदेत काय विचारतात आणि काय बोलतात हे घरबसल्या उत्तम कळू शकते, पण ते मत कोणत्या बाजूने देतात हे फारच थोड्या वेळा कळते. त्याचे कारण या साधनांत नसून आपल्या सभागृहांच्या कामकाजपद्धतीत आहे.

एमपी ट्रॅकपासून सुरुवात करणे सोपे जाते. सदस्याचे नाव निवडले की उपस्थितीचे प्रमाण, चर्चांतील सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके) एकाच पानावर दिसतात, आणि प्रत्येक आकड्याशेजारी राज्याची व देशाची सरासरी दिलेली असते. महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस खासदारांमध्ये आपले खासदार कुठे आहेत हे त्यामुळे लगेच कळते. चर्चांच्या यादीत प्रत्येक नोंदीचा प्रकारही दिलेला असतो, आणि माझ्या दृष्टीने तो रकाना सर्वांत उपयोगी आहे. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या वेळेत, मांडलेला रेल्वेथांब्याचा विषय, नियम ३७७ खाली दिलेले निवेदन आणि एखाद्या सरकारी विधेयकावरचे सविस्तर भाषण ही तीन वेगवेगळ्या वजनाची कामे आहेत. एकूण आकड्यात मात्र ती सारखीच मोजली जातात. म्हणून मी एकूण आकडा वहीत लिहीतच नाही. विधेयकांवरची भाषणे वेगळी मोजतो आणि तेवढीच मूळ प्रतीतून वाचतो. मूळ प्रत वाचली की आणखी एक गोष्ट कळते. अर्थसंकल्पावरील चर्चेसारख्या प्रसंगी वेळेअभावी अनेक सदस्य लेखी भाषण पटलावर ठेवतात आणि कामकाजात तशी टीप असते. ते भाषणही भूमिकेचा पुरावा म्हणून मोलाचे आहे, पण सभागृहात उभे राहून, आक्षेपांना उत्तर देत केलेल्या भाषणापेक्षा ते वेगळे आहे हे नोंदीत दिसायला हवे.

उपस्थितीच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहावे असे मी आवर्जून सांगेन. हा आकडा हजेरीपटावरील सहीवरून येतो. सही केलेला सदस्य दिवसभर सभागृहात होता किंवा महत्त्वाच्या मतदानाच्या वेळी आपल्या जागेवर होता, असे त्यावरून म्हणता येत नाही. मंत्री, लोकसभाध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांना या पटावर सही करावी लागत नाही, त्यामुळे त्यांची तुलना इतरांशी करणेच गैर आहे. मंत्री सरकारला प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरे देतात. आपले खासदार मंत्री असतील तर हे पान जवळपास रिकामे दिसेल आणि त्यांच्या भूमिका त्यांनी दिलेल्या उत्तरांत व मांडलेल्या विधेयकांत शोधाव्या लागतील. निलंबनाचाही विचार करावा लागतो. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते आणि त्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले होते. त्या काळातील कमी आकडे आळशीपणाचे समजणे त्या सदस्यांवर अन्याय करणारे ठरेल.

आता मतदानाकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप मी मूळात त्यासाठीच सुरू केला होता. राज्यघटनेच्या कलम १०० नुसार सभागृहाचे निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. प्रत्येक निर्णयात कोणी कोणते मत दिले याची नावनिशी नोंद ठेवलीच पाहिजे, असे बंधन मात्र त्या कलमात नाही. प्रत्यक्षात बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मतास टाकतात, दोन्ही बाजूंचे आवाज ऐकतात आणि निर्णय जाहीर करतात. त्याला कोणी हरकत घेतली तरच मतविभाजनाचा, म्हणजे मते मोजून घेण्याचा, प्रश्न येतो, आणि ती मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटल्यास सदस्यांना जागेवर उभे करून केवळ डोकी मोजण्याची मुभाही लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये आहे. तशा मोजणीत नावे नोंदली जात नाहीत.

याचा परिणाम किती दूरवर जातो हे कृषी कायद्यांच्या उदाहरणावरून दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये ती विधेयके लोकसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभाजनाची मागणी केली होती, तरी तेथेही आवाजी मतदानच झाले. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झाले. ज्या कायद्यांवरून शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, त्या कायद्यांच्या बाजूने किंवा विरोधात एकाही खासदाराचे नावानिशी मत नोंदलेले नाही. ते कायदे आणतानाही नाही आणि मागे घेतानाही नाही. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या खासदारांना याविषयी विचारले, तर त्याच्या हातात भाषणांखेरीज काहीही पुरावा नसतो. मला ही उणीव अतिशय गंभीर वाटते.

नावनिशी नोंद हमखास मिळते ती घटनादुरुस्तीच्या वेळी, कारण कलम ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत, दोन्ही सिद्ध करावी लागतात आणि ती मोजल्याशिवाय सिद्ध होत नाहीत. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक जानेवारी २०१९ मध्ये ३२३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले होते. साध्या विधेयकांवरही अधूनमधून मतविभाजन होते. वक्फ सुधारणा विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ अशी मते पडली. अशी यादी हाती आली की ती पूर्ण वाचावी, केवळ बातमीतील आकड्यावर थांबू नये.

ही यादी वाचण्याचीही एक रीत आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र निवडणुकांसंबंधीचे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर मतविभाजन झाले, तेव्हा नव्या संसद भवनातील लोकसभेत प्रथमच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने मते घेतली गेली. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा आला. त्यानंतर ज्यांची मते यंत्रावर उमटली नव्हती किंवा ज्यांना मत बदलून नोंदवायचे होते त्यांनी चिठ्ठ्या दिल्या आणि अंतिम निकाल २६९ विरुद्ध १९८ असा जाहीर झाला. केवढा हा फरक! फलकाचे छायाचित्र पाहून कोणी आपल्या खासदारांना गैरहजर ठरवले असते, तर ते साफ चुकीचे ठरले असते. अध्यक्ष निकाल सांगताना तो दुरुस्तीच्या अधीन असल्याचे सांगतात ते यासाठीच. त्यामुळे मी कामकाजाच्या छापील प्रतीतील यादी आणि तिच्या तळटिपा पाहिल्याशिवाय वहीत काहीही लिहीत नाही. यादीत बाजूने, विरोधात आणि तटस्थ राहिलेल्यांची नावे असतात. जे नव्हतेच त्यांची नावे नसतात. म्हणजे एखादे नाव तिन्ही ठिकाणी नसेल तर सदस्य गैरहजर होता, बाहेर निघून गेला होता की पक्षाने सभात्याग केला होता, हे त्या दिवसाच्या कामकाजाच्या मजकुरातूनच काढावे लागते.

एवढे करून मिळालेले मतही त्या व्यक्तीचे स्वतःचे मत मानता येईल का, हा पुढचा प्रश्न. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाच्या आदेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत देणाऱ्या किंवा पूर्वपरवानगीशिवाय मतदानापासून दूर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत ते कृत्य माफ केले तरच तो वाचतो. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मुख्यत्वे वैध ठरवला. व्हिपचे हे बंधन सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरतेच ठेवावे, अशा आशयाची शिफारस निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती, पण ती अमलात आली नाही. अमेरिकेत उपस्थितांपैकी एकपंचमांश सदस्यांनी मागणी केली की नावनिशी नोंद घटनेनेच बंधनकारक होते आणि सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊनही सदस्यत्व गमावत नाही, म्हणून तेथील मतदानाच्या नोंदीवरून सदस्याचा स्वतंत्र कल काढता येतो. आपल्याकडे तीच पद्धत जशीच्या तशी वापरली, तर हाती फक्त पक्षाचा आदेश लागतो.

म्हणूनच खासदारांची स्वतःची भूमिका शोधण्यासाठी मी हळूहळू दुसऱ्या नोंदींकडे वळलो, आणि या वापरातील खरा लाभ मला तिथे मिळाला. पहिली नोंद दुरुस्ती सूचनांची. विधेयकाच्या खंडवार विचाराच्या वेळी सदस्य आपापल्या दुरुस्त्या मांडतात. त्या बहुतेक फेटाळल्या जातात आणि बातम्यांत येत नाहीत, पण कोणत्या खंडातील कोणता शब्द काढून कोणता घालायचा, मुदत तीस दिवसांची करायची की साठ, शिक्षा कमी करायची की वाढवायची, हे त्यात पांढऱ्यावर काळे असते. चार पानांच्या आवेशपूर्ण भाषणातून जे कळत नाही ते अशा दोन ओळींतून कळते.

दुसरी नोंद प्रश्नांची. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी यादीत असतात. एकाच प्रश्नावर पुष्कळदा अनेक सदस्यांची नावे एकत्र असतात, त्यामुळे प्रश्नांची संख्या मोजण्यापेक्षा प्रश्न वाचावा. पीक विम्याचेच घ्या. शेतकऱ्यांना विम्याचे पैसे वेळेवर मिळत नाहीत याची सरकारला जाणीव आहे काय आणि असल्यास तपशील काय, असा प्रश्न विचारला की उत्तरात योजनेची ओळख आणि एकूण रकमांचा तक्ता येतो. याउलट गेल्या तीन वर्षांत नामंजूर झालेल्या दाव्यांची जिल्हावार संख्या, नामंजुरीची कारणे आणि विलंबाबद्दल विमा कंपन्यांकडून वसूल केलेले व्याज, असे उपभाग करून प्रश्न विचारला, तर मंत्रालयाला एक तर आकडे द्यावे लागतात किंवा ते देत नसल्याचे स्पष्ट दिसते. प्रश्न विचारणाऱ्याने विषयाचा अभ्यास केला आहे की नाही हे इथे उघड होते. उत्तरात ‘माहिती संकलित केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य आले, तर ते आश्वासन समजले जाते. त्याची पूर्तता तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. माझ्या वहीत अशा उत्तरांसाठी वेगळा रकाना आहे, आणि खासदारांनी पुढच्या अधिवेशनात त्याचा पाठपुरावा केला का, हे मी त्यात पाहतो. पाठपुरावा करणाऱ्या खासदारांविषयी माझ्या मनातला आदर या रकान्यामुळे निश्चितच वाढला आहे.

तिसरी नोंद समित्यांची. विभागांशी संबंधित चोवीस स्थायी समित्या आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी जोडलेल्या कार्यवृत्तांत उपस्थित सदस्यांची नावे असतात आणि असहमती असल्यास सदस्याची भिन्नमतपत्रिकाही असते. सभागृहातील व्हिप तेथे लागू नसल्याने पक्षाच्या चौकटीबाहेरचा विचार दिसण्याची शक्यता इथे सर्वाधिक आहे. अहवाल लांबलचक असतात हे खरे. मी आधी शेवटची पाने पाहतो, मग शिफारशी.

खासगी विधेयकांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्यासाठी शुक्रवारची अडीच तासांची वेळ असते, स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदा विधेयके कायद्यात उतरली आणि शेवटचे १९७० मध्ये. त्यामुळे ती यश म्हणून मोजू नयेत, पण सदस्याला मनापासून काय बदलायचे आहे हे कळण्यासाठी त्यांचे उद्देश व कारणांचे निवेदन अवश्य वाचावे.

या साऱ्या खटाटोपानंतर माझी एकच ठाम मागणी आहे. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीच्या वेळी तरी नावनिशी मतदान व्हावे. यंत्रणा प्रत्येक आसनापाशी आहे, आणि आपल्या कामकाजाचे नियम बदलण्याचा अधिकार कलम ११८ ने सभागृहांनाच दिला आहे. व्हिप असला तरीही नोंद हवी, कारण पक्षादेश पाळला हीदेखील मतदाराला माहीत असावी अशी गोष्ट आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने अधिवेशन चालू असताना रोजच्या रोज पाहण्याचा अट्टहास करू नये. अधिवेशन संपून मजकूर संकेतस्थळावर आला की एखादा सुट्टीचा दिवस काढावा, आपल्या रोजच्या जगण्याशी निगडित एक-दोन विषय निवडावेत आणि त्या विषयांवरचे खासदारांचे प्रश्न, दुरुस्त्या आणि भाषणे एवढेच वाचावे. शेजारच्या मतदारसंघातील, शक्यतो दुसऱ्या पक्षाच्या खासदारांचीही तीच नोंद सोबत ठेवावी. त्याशिवाय आपल्या खासदारांचे काम कमी की जास्त हे ठरवायला आधार मिळत नाही.