ईएसपी32 ते मिक्सर: बॅलन्स्ड आउटपुट कसं काढावं?

झाडीपट्टीच्या नाटकात विजेचा कडकडाट, घोड्याच्या टापा वाजवणारा डबा ईएसपी32 हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि पीसीएम5102ए हे डॅक मॉड्यूल (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं) यांवर सहज बनतो. पंचाईत पुढे आहे. डबा विंगेत, मिक्सर प्रेक्षकांच्या मागे, मध्ये तीस-चाळीस मीटर केबल. त्यात एकाची वीज गावच्या लाइनची, दुसऱ्याची जनरेटरची. साधी आरसीए केबल टाकली की हमिंग आलंच. त्यावर उपाय बॅलन्स्ड आउटपुट: सिग्नलसाठी ग्राउंडशिवाय दोन तारा, आणि मिक्सर त्या दोन्हींतला फरक तेवढा घेतो.

सगळ्यात स्वस्त उपाय एका रेझिस्टरचा. मॉड्यूलच्या आउटपुटला बहुधा 470 ओहम आधीच लावलेला असतो. त्यावर ‘471’ छापलेलं दिसतं. ते आउटपुट एक्सएलआर या तीन पिनांच्या कनेक्टरच्या पिन 2 ला द्या, पिन 1 ग्राउंडला, आणि पिन 3 तेवढ्याच 470 ओहममधून ग्राउंडला. पिन 3 वर उलटा सिग्नल नाही म्हणून हे खोटं बॅलन्स्ड, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मिक्सर दोन्ही तारांवर सारखं आलेलं हमिंग वजा करतो, आणि ते सारखं येतं दोन्हींचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) समान असला की. पिन 3 थेट ग्राउंडला टाकाल तर ही जमवाजमव फुकट.

एनई5532 या ऑप-अँप आयसीची सर्किट दिसायला झकास: अर्धा आयसी सिग्नल तसाच पुढे देणारा बफर, अर्धा 10 के-10 के रेझिस्टर लावून सिग्नल उलटा करणारा इन्व्हर्टर. पण तो 5 व्होल्टवर नीट चालत नाही, ±12 व्होल्ट लागतात. मिळतात जास्तीचे 6 डीबी, जे इथे नकोच आहेत. डॅक मुळातच 2.1 व्होल्ट देतो.

या दोन्हींत मिक्सरची फँटम पॉवर (मायकसाठी त्याच केबलमधून जाणारी वीज) बंद हवी. चुकून चालू राहिली तर 48 व्होल्ट उलटे आत येतात. भरवसा नसेल तर पिन 2 आणि 3 वर 47 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचा एकेक कपॅसिटर घाला, पॉझिटिव्ह टोक एक्सएलआरकडे.

वीज दोन ठिकाणची असेल तर मात्र 600:600 ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरच घ्या. ग्राउंडचं नातं तोच तोडतो, आणि फँटमही निमूट सोसतो. स्वस्तातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जोराच्या बेसला आवाज फाटतो, म्हणून गडगडाटाची फाइल कोडमध्येच 6-10 डीबी खाली वाजवा. ट्रान्सफॉर्मर अडॅप्टरपासून लांब बसवा, नाहीतर स्वतःच हमिंग पकडेल. पिन 1 लोखंडी डब्याला जोडा, बोर्डाच्या ग्राउंडला नाही. बोर्ड प्लास्टिकच्या स्पेसरवर बसवा. एक स्क्रू जरी बोर्डाचं ग्राउंड डब्याला टेकवून गेला, तरी तोडलेलं नातं परत जुळतं.