‘गुंजन सक्सेना’ की ‘अमरन’?

सैन्यातल्या माणसावरचा चरित्रपट दाखवून ‘पडद्यावर कोण दिसतं, कोण गळतं’ यावर गटात चर्चा करायची आहे आणि वेळ एकाच सिनेमापुरता आहे, तर माझ्या मते निवड या दोघांत आहे. कथा माहीत असतील असं धरतो.

‘गुंजन सक्सेना’ (२०२०) हा कारगिल युद्धात हेलिकॉप्टर उडवणाऱ्या हवाई दलातल्या वैमानिक बाईवरचा हिंदी सिनेमा. तो दोन तासांच्या आत संपतो, ही मोठी सोय. कपडे बदलायला जागा नाही, म्हणून उशीर, म्हणून उड्डाण गेलं, ही साखळी त्यात नेमकी पकडली आहे. नियमात कुठेही ‘बाई नको’ असं लिहिलेलं नाही, तरी तिला उड्डाण मिळत नाही. पंकज त्रिपाठींनी रंगवलेला तिचा बाप तर उत्तमच.

पण उधमपूरच्या तळावर गुंजन एकटी नव्हती. श्रीविद्या राजन याही वैमानिक १९९६ मध्ये तिच्यासोबतच तिथे रुजू झाल्या होत्या आणि कारगिलच्या वेळी त्यांनीही उड्डाणं केली. सिनेमात त्या नाहीतच. सिनेमात गुंजनला पुरुष अधिकाऱ्याशी पंजा लढवायला लावतात, तो प्रसंग घडलाच नव्हता, असंही त्यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं. हे गाळणं नजरचुकीचं वाटत नाही, पटकथेची ती गरज होती. त्या तळावर दुसरी बाई उभी केली की ‘एकटी विरुद्ध सगळे’ हा डाव मोडतो आणि निम्मे प्रसंग लिहिताच येत नाहीत. मग एकटेपणा वाढवायला आजूबाजूचे पुरुष जास्तच वाईट रंगवावे लागतात; हवाई दलाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून आक्षेप घेतला तोही याच चित्रणावर. बायकांच्या प्रतिनिधित्वाचा सिनेमा आणि त्यातूनच एक बाई गायब! मला हे गिळवलं नाही.

‘अमरन’ (२०२४) हा काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना गेलेले मेजर मुकुंद वरदराजन यांच्यावरचा तमिळ सिनेमा. तो लांब आहे, जवळपास पावणेतीन तास. तोही निर्दोष नाही. काश्मिरी माणसं बरीचशी जमाव म्हणूनच येतात; तमिळनाडूत काही मुस्लिम संघटनांनी त्यावर निदर्शनंही केली. मुकुंद यांची ब्राह्मण ओळख दाखवली नाही म्हणूनही वाद झाला. दिग्दर्शक राजकुमार पेरियासामींचं म्हणणं असं की जात नको, तमिळ ओळख दाखवा, ही घरच्यांचीच इच्छा होती. चर्चेला हा मुद्दा मात्र फक्कड आहे: ओळख कुठली दाखवायची, हे ठरवायचं कुणी?

तरी पारडं इकडे झुकतं. कथा सांगते इंधू रेबेका वर्गीस, मुकुंदची मल्याळी ख्रिश्चन बायको, आणि ती नुसती वाट बघत बसलेली नाही. काश्मीरमधल्या शोपियाँच्या ज्या कारवाईत मुकुंद गेले, त्यातच गेलेले शिपाई विक्रम सिंग इथे नावानिशी आहेत, मुकुंदच्या खांद्याला खांदा लावून. नायक मोठा करायला शेजारचा माणूस पुसलेला नाही.

दाखवताना आवाज मूळ तमिळ ठेवा आणि सबटायटल्स लावा. इंधूच्या घरची मल्याळम आणि मुकुंदची तमिळ यांतला फरक डबिंगमध्ये सपाट होतो, आणि लग्नाला विरोध करणारं घर मग कुठलंही घर वाटायला लागतं. वेळ फारच कमी असेल तर ‘गुंजन’ चालेल, फक्त श्रीविद्या राजन यांच्याबद्दल सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर लोक चपला घालायला लागलेले असतात.