‘लाइव्ह लोकेशन टाका’: फिल्ड स्टाफसाठी व्हॉट्सॲप कितपत चालते आणि कायदा कुठे आडवा येतो

ज्यांचा स्टाफ दिवसभर बाहेर असतो अशा डिस्ट्रिब्युटरांकडे, एसी दुरुस्तीवाल्यांकडे, घरून नमुने गोळा करणाऱ्या लॅबमध्ये सकाळी साडेनवाला ग्रुपवर मेसेज पडतो: ‘सगळ्यांनी लाइव्ह लोकेशन टाका.’ व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये ही सोय आणली ती घरच्यांना आणि मित्रांना ‘कुठवर आलास’ ते कळावे म्हणून. छोट्या धंद्यांनी तिचे हजेरीचे मस्टर करून टाकले. मस्टर म्हणून ती कच्ची आहे. पण माणूस पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, पोचला का, जवळचा पुढचा कॉल कोणाला द्यायचा, एवढ्यापुरती ती उत्तम आहे आणि फुकट आहे.

चॅट उघडायचे, ॲटॅचमध्ये लोकेशन, तिथे ‘लाइव्ह लोकेशन’. मुदतीचे पर्याय तीनच: १५ मिनिटे, १ तास, ८ तास. या सोयीचा सगळ्यात मोठा गुण तो आठ तासांचा. साडेनवाला सुरू केले की साडेपाचला आपोआप बंद होते आणि मधे कधीही कर्मचाऱ्याला स्वतः बंद करता येते. ड्युटी संपली की पाळत संपली, ही गोष्ट इथे कोणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही.

आता अडचणी. फोनमध्ये व्हॉट्सॲपला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी दिलेली नसेल किंवा बॅटरी सेव्हर चालू असेल, तर स्क्रीन बंद झाल्यावर नकाशावरचा त्याचा ठिपका जागच्या जागी गोठतो. ऑफिसात बसलेल्याला वाटते माणूस तासभर टपरीवर उभा आहे. म्हणून ठिपक्याआधी नावाखालची ‘अपडेट’ची वेळ पाहावी, ती जुनी असेल तर तो ठिपका धरायचाच नाही. उघड्यावर फोनचा जीपीएस पाच-दहा मीटरमध्ये बसतो, पण बेसमेंटमध्ये, मॉलमध्ये, उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रह दिसत नाहीत. मग फोन वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो आणि माणूस शेजारच्या गल्लीत दिसतो. उलट बाजूने, अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समधून खोटे लोकेशन लावणे पाच मिनिटांचे काम आहे. दोन्ही कारणांनी निव्वळ ठिपक्यावरून अर्धा दिवस कापणे चूक आहे. पार्टीची सही किंवा बिलाची वेळ सोबत हवीच.

सगळ्यात मोठा दोष ग्रुपचा. ग्रुपवर टाकलेले लोकेशन ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसते, नोकरी सोडून गेलेल्या आणि काढायचा राहून गेलेल्या माणसालाही. एखादी मुलगी सकाळी घरातूनच लोकेशन सुरू करते, तेव्हा तिचे घर पंधरा जणांना कळलेले असते. हे आजच थांबवता येते: लोकेशन ग्रुपवर न टाकता फक्त सुपरवायझरच्या वैयक्तिक चॅटवर टाकायचे, आणि घरातून नाही, तर पहिल्या पार्टीच्या दारातून सुरू करायचे.

दुसरा दोष नोंदीचा. दिवसभराचा मार्ग व्हॉट्सॲप जपून ठेवत नाही. मुदत संपल्यावर चॅटमध्ये एक स्थिर चित्र तेवढे उरते. म्हणून सुपरवायझर स्क्रीनशॉट काढत बसतात. ते त्यांच्या खासगी फोनच्या गॅलरीत जातात, तिथून त्यांच्या स्वतःच्या क्लाउडवर बॅकअप होतात, आणि सुपरवायझरने नोकरी सोडली की सगळ्या स्टाफच्या हालचाली त्याच्याबरोबर जातात. कायद्याचा खरा धोका इथे आहे.

हा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मालकांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. अनेक सल्लागार एवढेच सांगून थांबतात, आणि तिथेच मालक फसतो. रविवारी कर्मचारी कुठे होता हे ‘नोकरीचे कारण’ म्हणून पटवणे अवघड आहे. शिवाय ही मुभा घेतली तरी कलम ८ सुटत नाही: माहिती सुरक्षित ठेवायची, काम संपले की पुसायची, फुटली तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि त्या कर्मचाऱ्याला कळवायचे. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईल असे नाही, पण गॅलरीतले स्क्रीनशॉट ‘सुरक्षित ठेवले’ असे कोणापुढेही म्हणता येणार नाही.

बाहेर माणसे पाठवणाऱ्या प्रत्येक मालकाने एक पान मराठीत लिहून सही घ्यावी. संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (म्हणजे मराठीसारख्या) भाषेत वाचायचा हक्क हा कायदा देतोच, आणि मुभेवर चालणाऱ्यानेही तोच शिरस्ता ठेवावा. पानावर लिहायचे ते असे: लोकेशन किती ते किती वाजेपर्यंत, कशासाठी (टीए म्हणजे प्रवासभत्त्याचे बिल, कॉलवाटप, सुरक्षितता), कोण पाहणार, कुठे आणि किती दिवस ठेवणार, जेवणाच्या सुट्टीत आणि रजेच्या दिवशी बंद, तक्रार कोणाकडे. नव्या नियमांत काही नोंदी किमान एक वर्ष ठेवायची अट आहे, त्यामुळे ‘३० दिवसांत पुसू’ असे वकिलाला विचारल्याशिवाय छापू नये. आणखी एक गोष्ट मालक विसरतात: हीच नोंद उलटी चालते. सकाळी आठ ते रात्री आठ लोकेशन मागितले असेल, तर ओव्हरटाइमच्या दाव्यात कर्मचारी तेच मेसेज पुढे ठेवेल.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनमध्ये त्याला न सांगता ट्रॅकिंगचे ॲप टाकणे हा वेगळाच मामला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बोटाच्या ठशाच्या हजेरीबद्दल थोडक्यात: याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ यादीत आहे, लोकेशन नाही. मशीन बसवण्याआधी लेखी संमती त्यामुळेच लागते.

दहा-बारा माणसांपर्यंत व्हॉट्सॲप वैयक्तिक चॅटवर वापरावे. त्यापुढे, किंवा टीए किलोमीटरवर द्यायचा असेल, तर पैसे मोजून ॲप घ्यावे. डेमो दाखवायला येणाऱ्याला चार प्रश्न विचारा: ड्युटीची वेळ संपली की ट्रॅकिंग आपोआप थांबते का? स्वतःची नोंद कर्मचाऱ्याला दिसते का? करार बंद केल्यावर डेटा पुसल्याचे लेखी देता का? कॉन्टॅक्ट, एसएमएस किंवा माइकची परवानगी कशाला लागते? शेवटच्या प्रश्नावर ‘सिस्टिमला लागते’ असे उत्तर आले तर ते ॲप घेऊ नये.

तोवर स्टाफला एवढे शिकवा: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे लाइव्ह लोकेशन. आपण आत्ता कोणाकोणाला दिसतो आहोत ती यादी तिथे मिळते. संध्याकाळी घरी निघताना ती रिकामी आहे ना ते पाहावे; नसेल तर शेअरिंग तिथूनच थांबवता येते.