घरचा टब, सार्वजनिक तलाव की थेरपी पूल? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी निवड करताना

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे, हातपाय ताठ असलेल्या मुलाला पाण्यात खेळवायचं ठरलं की बहुतेक पालक आधी ट्यूब आणि फ्लोट शोधू लागतात. त्याआधी पाण्याचं तापमान विचारा. थेरपी पूलमध्ये, म्हणजे पाण्यातल्या व्यायामासाठीच्या कोमट पाण्याच्या तलावात, ते साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात, पोहण्याच्या तलावात २६ ते २८ च्या आसपास. पुण्या-नाशकातल्या उघड्या तलावांत थंडीत आणखी कमी. गार पाण्यात स्नायूंचा ताठरपणा वाढतो, मूल मुठी आवळून कुडकुडतं आणि खेळायचं राहूनच जातं.

जवळपास थेरपी पूल असेल तर आठवड्यातून एकदा का होईना, तोच निवडा. छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर जेमतेम एक तृतीयांश वजन येतं, त्यामुळे जमिनीवर उभं न राहणारं मूलही तिथे पाऊल टाकून बघतं. तिथल्या फिजिओथेरपिस्टना हॅलिविक पद्धत, म्हणजे अपंग मुलांना पाण्यात तोल सांभाळायला आणि पोहायला शिकवायची पद्धत, येते का, हे विचारा. जेम्स मॅकमिलन यांनी ती १९४९ पासून लंडनमधल्या हॅलिविक शाळेत विकसित केली. एका मुलामागे एक मोठं माणूस असतं आणि फ्लोट वापरत नाहीत. पहिला धडा फुंकण्याचा: पिंगपाँगचा चेंडू ओठांसमोर ठेवायचा आणि फुंकत पलीकडे न्यायचा. तोंड पाण्याजवळ आलं की फुंकायचं, ही सवय लागली की नाकातोंडात पाणी जाणं कमी होतं. मग मुलाला उताणं धरून खेळणं एका बाजूला तरंगत ठेवायचं. ते बघायला मान वळली की मागोमाग अंगही वळतं. मदत करणाऱ्याने काखेत घट्ट धरलं तर मूल खांदे वर ओढून त्या हातांवरच लटकतं. आधार कमरेपाशी द्यावा आणि हळूहळू कमी करावा.

दंडावरच्या फुग्यांनी हात वर अडकतात आणि अंग वळवता येत नाही. गळ्यात घालायची फुगवलेली रिंग तर मुळीच नको. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये बाळांसाठी, विशेषतः विकासात अडचणी असलेल्यांसाठी, तिच्याविरुद्ध इशारा दिला आहे.

सार्वजनिक तलाव मान सावरणाऱ्या मुलासाठी ठीक, तोही उन्हाळ्यात, दुपारच्या कमी गर्दीच्या बॅचला, १५-२० मिनिटं. ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर. ओलं मूल हातातून निसटतं, म्हणून बाहेर काढायला दोघं जण हवेत. पायांना संवेदना कमी असतील तर खरखरीत तळाने जखम होते आणि मुलाला कळतही नाही. पाण्यात चालतील असे मोजे घाला.

घरच्या टबात चालणं किंवा गोल वळणं जमत नाही, पण हातांसाठी तो उत्तम, विशेषतः लहान मुलांना. खाली न घसरणारी मॅट, बसल्यावर बेंबीपर्यंत पाणी, ३५-३६ अंश. थर्मामीटर घ्याच. आधी गार, मग गरम पाणी घालून ढवळा, मापा आणि नंतरच मुलाला बसवा. स्पंज पिळून मग भरायचा, मोठ्या मगातून छोट्यात ओतायचं. दोन्ही हात वापरावे लागतील असं काही द्या. फोन वाजला तरी उठू नका, खेळ संपताच टब रिकामा करा.

ताप, जुलाब, उघडी जखम असेल तर तिन्ही ठिकाणी सुट्टी. फिट्स आटोक्यात नसतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टबातही उतरवू नका.