दिवाळी ते गणपती: बाल्कनीतली बाग आणि रात्रीच्या संथ मालिका

गेल्या दिवाळीनंतर मी दोन गोष्टी जोडीने सुरू केल्या: सकाळी ऑफिसच्या आधी बाल्कनीतल्या कुंड्यांचं काम, आणि रात्री झोपण्याआधी कुणी कुणावर ओरडत नाही असा एखादा संथ कार्यक्रम. आता गणपती होऊन गेले. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही पार पडले, म्हणून आता लिहिते आहे. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नव्याची नवलाईच जास्त उतरली असती.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगते. गेल्या वर्षी आषाढात माझी आई गेली. तिच्या आजारपणात रात्री सारखं उठायची सवय लागली होती. ती गेली तरी माझं शरीर उठतच राहिलं. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, काही दिवस गोळ्याही घेतल्या. त्यांचा मला उपयोग झाला. ज्यांना गरज आहे त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. औषधाला पर्याय म्हणून मी बाग किंवा टीव्ही सुचवत नाही. पण गोळीने झोप आली तरी सकाळी उठावंसं वाटायचं नाही, ते दुखणं वेगळं होतं.

आमची बाल्कनी कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन साधारण अकरापर्यंत मिळतं, नंतर नुसता उजेड. एवढ्या उन्हात काय येतं? मोगरा बऱ्यापैकी येतो, जास्वंद येते, सदाफुली तर कुठेही येते. गवती चहा, पुदिना, पानांचा ओवा, कढीपत्ता हे सगळं तक्रार न करता वाढतं. टोमॅटोला हे ऊन पुरत नाही. झाड वाढतं, फळ मोजकंच धरतं. दक्षिण किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल तर तुमचा अनुभव निराळा असेल, आणि एप्रिल-मे महिन्यांत तुम्हाला हिरवी शेडनेटही लागेल.

मातीवर मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं. निम्म्याच्या आसपास कोरडा पालापाचोळा आणि कंपोस्ट, बाकी माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा पाण्यात धुवून घ्यावं, त्यात क्षार असतात. पालापाचोळा पुण्यात फुकट मिळतो. हिवाळा संपता संपता रस्त्यारस्त्यांवर पानगळीचे ढीग लागतात आणि बरेच ठिकाणी ते जाळले जातात. तो जाळू नये, ज्याला हवा त्याला द्यावा यासाठी ‘ब्राऊन लीफ’ ही पुण्यातली मंडळी काम करतात. त्याही आधी गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने पाचोळा आणि घरातला ओला कचरा यांतून माती घडवायचा विचार महाराष्ट्रात रुजवला. पाचोळ्याने कुंडी हलकी राहते, आणि बाल्कनीवर किती वजन टाकायचं हा प्रश्न जुन्या इमारतींत खराच महत्त्वाचा आहे.

आता मोगऱ्याबद्दल. माझ्या मते मन लावायला मोगऱ्यासारखं झाड नाही, कारण तो तुम्हाला वर्षभराचं वेळापत्रक देतो. जानेवारीच्या शेवटी थंडी सरू लागली की छाटणी करायची, जुनी पानं काढायची, काही दिवस पाणी अगदी जेमतेम ठेवायचं. मग माती मोकळी करून खत द्यायचं आणि पाणी हळूहळू वाढवायचं. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात, म्हणून छाटणी जितकी नीट तितकी फुलं जास्त. फेब्रुवारीत नुसत्या काड्या उभ्या असतात. बघणाऱ्याला झाड मेलंय असं वाटावं. त्या काड्यांच्या पेऱ्यांवर बारीक हिरवे ठिपके दिसायला लागले त्या आठवड्यापासून मी गजर वाजायच्या आधी उठायला लागले. आज कुठला फुटवा किती पुढे आला, एवढंच बघायचं असायचं. पण ते बघायचं असायचं. आई गेल्यापासून दुसऱ्या दिवशी बघण्यासारखं काही आहे असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

बागेची माझ्या लेखी हीच मोठी कमाई. फुलं हा वरचा लाभ. तिचा उद्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्यासाठी तुम्हाला उठावं लागतं.

नेदरलँड्समधला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास या बाबतीत मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या बागेचा तुकडा राखणाऱ्या तीस जणांना आधी ताण देणारं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम करायला सांगितलं, निम्म्यांना घरात वाचत बसायला. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्या लोकांचं जास्त उतरलं. माणसं थोडी होती आणि ती आधीपासूनच बागेची हौस असलेली होती, हे लक्षात ठेवूनही मला तो निष्कर्ष पटतो. हात मातीत असताना डोक्यातली चक्रं सुरूच राहतात, पण त्यांचा आवाज कमी होतो.

रात्रीचं गणित नेमकं उलटं निघालं, आणि ते समजायला मला काही आठवडे लागले. रात्री ‘उद्या काय होणार’ ही ओढ अजिबात नको. आपल्या रोजच्या मालिका प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाला तरी दारात उभं करतात, फोन खाली पाडतात, आणि तुम्ही तो प्रश्न घेऊन अंथरुणावर जाता. वेब मालिकांचंही तेच. म्हणून मी एकच कसोटी ठेवली: भाग संपल्यावर काही अर्धवट राहू नये.

त्या कसोटीवर पहिला नंबर बॉब रॉसच्या ‘द जॉय ऑफ पेंटिंग’चा. १९८३ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर त्याचे चारशेहून जास्त भाग झाले आणि ते अधिकृत चॅनेलवर यूट्यूबवर फुकट आहेत. एक माणूस, काळा पडदा, एक कॅनव्हास. अर्ध्या तासाच्या आत डोंगर, तळं आणि दोन-चार झाडं तयार होतात. हा माणूस वीस वर्षं अमेरिकी हवाई दलात होता, बराच काळ अलास्कात. तिथे हाताखालच्यांवर ओरडणं हाच त्याच्या कामाचा भाग होता. तिथून बाहेर पडल्यावर पुन्हा कधी ओरडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. ते कळल्यावर त्याचा हळू आवाज मला आणखी जवळचा वाटू लागला. ब्रश झटकण्याचा, सुरीने रंग ओढण्याचा आवाज ऐकत मी कित्येक रात्री चित्र पुरं होण्याआधीच झोपले आहे.

दुसरा ‘मालगुडी डेज’. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंब्यात चित्रित केलेली ही दूरदर्शनची मालिका माझ्या पिढीला पाठ आहे, आणि पाठ असणं हाच तिचा गुण. त्यातल्या शाळकरी स्वामीचं काय होणार हे मला ठाऊक आहे. तरीही एल. वैद्यनाथन यांची ती सुरावट सुरू झाली की खांदे सैल पडतात. घरात कुणी वयस्कर असेल तर सोबत बघायला याहून चांगलं मला काही सापडलं नाही. माझे बाबा एरवी बातम्यांशिवाय काही लावत नाहीत, पण हिच्यासाठी ते रिमोट माझ्या हातात देतात.

जपानी ‘मिडनाईट डायनर: टोकियो स्टोरीज’ मी मराठी माणसाला विशेष सुचवेन. मध्यरात्री उघडणारी एक छोटी खानावळ, मोजकं बोलणारा मालक, आणि गिऱ्हाईक मागेल तो पदार्थ सामान असेल तर करून द्यायची त्याची रीत. प्रत्येक भाग एका पदार्थाभोवती. काही गोष्टी दुःखाच्या आहेत, पण त्या दुःखावर कुणी भाषण देत नाही. समोर गरम वाटी ठेवतात. सबटायटल्स वाचावी लागतात, त्यामुळे मोबाईल आपोआप बाजूला राहतो.

ब्रिटनचा ‘गार्डनर्स वर्ल्ड’ १९६८ पासून चालू आहे. त्याचा आताचा मुख्य चेहरा मॉन्टी डॉन स्वतःच्या नैराश्याविषयी आणि बागेने दिलेल्या आधाराविषयी उघडपणे बोलत आला आहे. त्याच्या मागेपुढे कुत्री हिंडत असतात, तो वाकून एखादं रोप लावतो, उठताना गुडघ्यावर हात टेकतो. बागकामाची माहिती म्हणून मात्र आपल्याला त्याचा उपयोग कमी. तिकडे मार्च म्हणजे थंडी ओसरून पेरणीची लगबग, आपल्याकडे मार्चमध्ये रोपांना उन्हापासून वाचवायची वेळ. तो बघावा तो चालीसाठी, तारखांसाठी नाही.

‘द रिपेअर शॉप’ची शिफारस खूप जण करतात. कार्यक्रम सुंदर आहे, कारागिरी बघून थक्क व्हायला होतं. पण त्यात लोक गेलेल्या वडिलांचं घड्याळ, आजीचं खेळणं दुरुस्तीला आणतात आणि ते परत मिळाल्यावर रडतात. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर तो रात्री लावू नका. मी तो रविवारी दुपारी बघते, मोकळेपणाने रडते, आणि मग मला बरं वाटतं. नॉर्वेच्या टीव्हीने २००९ साली दाखवलेला बर्गन ते ऑस्लो हा सात तासांचा आगगाडीचा प्रवासही बघितला. इस्त्री करताना छान वाटतो, त्यापलीकडे मला त्यात जीव रमवता आला नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. ती चालू असेल तर शांत कार्यक्रमही तुम्हाला रात्री एकपर्यंत बसवून ठेवतो.

आता कटकटी. पुण्यात कबुतरं आहेत आणि ती कुंडीत अंडी घालतात. जाळी लावल्याशिवाय निभाव नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, येतोच. सुरुवातीला ओल्या कापसाने पुसून काढावा, मग लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारावं. एका नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांशीच कीड निघाली, तेव्हा नवीन रोप काही दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवणं बरं. कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्या लागतात, नाहीतर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं. आणि पावसाळ्यात त्या ताटल्या आठवड्यातून निदान एकदा रिकाम्या करून घासाव्याच लागतात. डेंग्यूचे डास तेवढ्याच पाण्यात वाढतात. गावाला जायचं झालं तर शेजारी हवेत. आमच्या समोरच्या काकू पाणी घालतात आणि त्या बदल्यात हक्काने गवती चहा नेतात.

परिणाम? होळीच्या सुमारास सलग झोप लागायला लागली. रोज नाही, पण आठवड्यातल्या बऱ्याच रात्री. आषाढात आईच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात यातलं काहीही चाललं नाही. बॉब रॉस लावला आणि त्याचा आवाज सहन होईना, बंद केला. कुंड्यांकडेही दोन दिवस बघितलं नाही. तो आठवडा तसाच जाऊ द्यावा लागला.

एका कुंडीबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. सांगलीच्या घराच्या मोरीमागे आईने लावलेलं काळ्या देठाचं अळू होतं, वडीचं. घर आवरताना त्याचे दोन कंद घेऊन आले. थंडीत आणि उन्हाळ्यात त्याने चार पानांपलीकडे काही केलं नाही. अळवाला सावली चालते, पाणी मात्र भरपूर लागतं. पहिला जोराचा पाऊस झाला आणि ते असं उसळलं की मोठी कुंडी आणावी लागली. श्रावणात त्याच्या वड्या केल्या. चिंच-गूळ आईच्या अंदाजाने घातला, बाबांनी पहिली वडी खाल्ली आणि आणखी एक मागितली. घसा खाजला नाही, म्हणजे चिंच पुरेशी पडली होती.

हे कुणासाठी आहे? ज्यांना लगेच गुण हवा त्यांच्यासाठी नाही. कुंड्या, माती, खत, जाळी धरून माझा खर्च पाच हजारांच्या आत राहिला, पण सकाळचा अर्धा तास रोज द्यावा लागतो आणि तो टाळला की झाडावर दिसतो. जे कुणाची तरी सेवा करून थकलेत, ज्यांच्या दिवसातून एक माणूस निघून गेल्यामुळे मोठी पोकळी पडली आहे, त्यांनी हे जरूर करून बघावं. सुरुवात दोन-तीन कुंड्यांनी करा: एक मोगरा, एक पुदिना, आणि जमलं तर आपल्या जुन्या घरातलं काहीतरी.

ऑक्टोबरची तयारी सुरू आहे. मेथी आणि कोथिंबीर उथळ ट्रेमध्ये पेरणार आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन शेवंती आणायचा विचार आहे. पूर्वेच्या उन्हात कुणाकडे शेवंती टिकली असेल तर कुठली जात आणि माती कशी होती, तेवढं कळवा.