मे महिन्यात ट्राउटसाठी कुठे जावे : तीर्थनची नदी की निलगिरीचे जलाशय?

फ्लायने, म्हणजे पिसे-धाग्यांच्या नकली कीटकाने, ट्राउट हा थंड पाण्यातील मासा धरण्याची आवड असलेल्या नागपूरकरापुढे उन्हाळ्याच्या आरंभी प्रामुख्याने दोन पर्याय असतात. उत्तरेला हिमाचलमधील तीर्थन, सैंज आणि ऊहल या नद्या आहेत, तर दक्षिणेला निलगिरीतील ॲव्हलांच, एमराल्ड आणि अप्पर भवानी हे जलाशय आहेत. मुलांच्या सुट्या आणि विदर्भातील ऊन यांचा मेळ घालताना बहुतेकांचा बेत एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा एवढ्याच अवधीत बसतो, आणि नेमक्या याच अवधीत नदीचे पाणी आठवड्यागणिक बदलत असते. म्हणून नदी चांगली की जलाशय, असा सरसकट प्रश्न विचारण्यापेक्षा आपली सुटी कोणत्या आठवड्यात आहे, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

एवढ्या लांब जाण्याचे कारण पाण्याच्या तापमानात आहे. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते; २० अंशांच्या पुढे तो खाणे कमी करतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायूही घटतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो सुमारे ७.६ मिलिग्रॅमवर येतो. आपल्या खिंडसी किंवा नवेगाव बांधाच्या पाण्यात रोहू, कटला आणि मरळ सुखाने राहतात, पण ट्राउट तिथे उन्हाळा काढू शकणार नाही. हिमाचलच्या नद्या बर्फामुळे थंड राहतात आणि निलगिरीचे जलाशय सुमारे २,००० मीटर व त्याहून अधिक उंचीमुळे. पुढचा सगळा फरक या दोन कारणांतून निघतो.

आधी नदीचा विचार करू. कुलूच्या परिसरात ब्राऊन ट्राउट १९०९ मध्ये आणला गेला आणि तो तिथल्या पाण्यात कायमचा रुजला. हा मासा थंडीच्या दिवसांत अंडी घालतो, म्हणून हिमाचलमध्ये नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते आणि मार्चमध्ये हंगाम उघडतो. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत नदी उथळ आणि नितळ असते. तळातील प्रत्येक धोंडा दिसतो, आणि तितक्याच स्पष्टपणे माशालाही आपण दिसतो. अशा वेळी बारीक लीडर (फ्लायजवळचा पारदर्शक दोरा) वापरून, वाकून, दुरून फ्लाय टाकावी लागते. हे कष्टाचे काम आहे, पण फ्लाय मासेमारीची खरी गोडी याच दिवसांत कळते.

मे उजाडला की वरच्या उतारांवरील बर्फ वेगाने वितळू लागते. पहाटे पाणी सर्वांत कमी आणि स्वच्छ असते, दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी दुपारनंतर खाली पोचते आणि संध्याकाळपर्यंत नदी फुगून दुधाळ झालेली असते. यावरून पहाटेच काठावर जावे असे वाटेल, परंतु त्या वेळी पाणी इतके गार असते की मेफ्लाय आणि कॅडिससारखे कीटक फारसे हलत नाहीत आणि मासाही तळाशी सुस्त असतो. ऊन दरीत उतरून पाणी किंचित कोमट होणे आणि वरचे पाणी खाली पोचणे यांच्या मधला अवधी हाच मे महिन्यातील सोन्याचा काळ. साधारण सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत तो मिळतो, आणि मेच्या अखेरीस आणखी आखडतो. त्या वेळी मुख्य धारेचा नाद सोडून धोंड्यांच्या मागील संथ खळग्यांत आणि काठालगतच्या आडोशात वजनदार निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी बुडणारी फ्लाय) सोडावी, कारण फुगलेल्या नदीत मासा जोरदार प्रवाहाशी झुंजत बसत नाही.

तीनही नद्यांचे हे वागणे सारखे नाही. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येणाऱ्या तीर्थनवर मोठे जलविद्युत धरण नाही, त्यामुळे तिचा चढउतार निसर्गाच्या लयीने होतो आणि तिचे पाणी शेजारच्या नद्यांच्या तुलनेत अधिक काळ स्वच्छ राहते. नागिनी आणि गुशैणी या गावांजवळचा पट्टा म्हणूनच नवख्यालाही मानवतो. सैंज नदीवर मात्र विद्युत प्रकल्प आहेत. बरोटजवळ ऊहलचे पाणी शानन विद्युत प्रकल्पासाठी अडवले आहे. तिथे वाहते आणि साठलेले असे दोन्ही प्रकारचे पाणी चालत जाण्याच्या अंतरात मिळते. मेच्या मध्यात प्रवाह फारच वाढला, तर मुक्काम न हलवता गळाची जागा बदलता येते, हा बरोटचा मोठा गुण आहे. साठवणीच्या काठाचा कोणता भाग खुला आहे, ते मात्र तिथे पोचल्यावर आधी विचारून घ्यावे.

धरणांच्या खालच्या पात्राविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. तीर्थन आणि सैंज लारजीपाशी बियासला मिळतात आणि तिथेच धरण आहे. ८ जून २०१४ रोजी त्या धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातील खडकांवर फोटो काढत होते. धरणाच्या खाली पात्र कोरडे दिसले तरी त्यात उतरू नये, मुलांना नेऊ नये, आणि चांगली जागा दिसते म्हणून नियम वाकवू नये.

निलगिरीचे चित्र वेगळे आहे. ॲव्हलांचची ट्राउट हॅचरी (मत्स्यबीज केंद्र) १९०७ सालची, आणि तिथल्या पाण्यात मुख्यतः रेनबो ट्राउट आहे, जो ब्राऊनपेक्षा किंचित उबदार पाणी सहन करतो. तिथे बर्फ नाही, त्यामुळे दुपारी पाणी गढूळ होण्याचा प्रश्न येत नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी वापरले गेल्याने मात्र एप्रिल-मे महिन्यांत पातळी उतरलेली असते आणि उघड्या पडलेल्या लाल मातीच्या उतारावरून बरेच खाली चालावे लागते. उन्हाने वरचा थर तापला की मासा खालच्या गार थरात जातो आणि पहाटे व सांजवेळी काठाजवळ चरायला येतो. म्हणजे नदीवर ज्या वेळी मासेमारी रंगते, नेमक्या त्या वेळी जलाशयावर शुकशुकाट असतो. दिवसा प्रयत्न करायचाच असेल तर बुडणारी लाइन वापरून फ्लाय खोल न्यावी, किंवा ज्या टोकाला ओढा येऊन मिळतो तिथे उभे राहावे, कारण तिथले पाणी गार आणि प्राणवायूयुक्त असते. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे पृष्ठभागावरील कीटक साचतात, म्हणून समोरून येणारा वारा त्रासदायक असला तरी तोच काठ निवडावा. एप्रिल-मेमधील वळिवाच्या सरी पडून गेल्या, की आभाळ भरलेले असताना मासा दिवसाही वर येतो.

रॉडबाबत थोडक्यात सांगायचे, तर नदीला चार किंवा पाच वजनाचा (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे) नऊ फुटी रॉड पुरतो आणि जलाशयाला वाऱ्यात लांब फेकीसाठी सहा किंवा सात वजनाचा थोडा लांब रॉड लागतो. नवशिक्याने निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे नागपुरातील एखाद्या मोकळ्या मैदानावर सकाळी हूकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून फेकीचा सराव करावा. हा सराव जलाशयावर जाणाऱ्याला अधिक आवश्यक आहे, कारण नदीवर जवळची फेकही मासा मिळवून देते, जलाशयावर क्वचितच.

परवान्याच्या बाबतीत हिमाचल निःसंशय सोयीचा आहे. मत्स्य विभागाचा दैनिक परवाना घेतला, की ठरलेल्या पट्ट्यांत गळ टाकता येतो. निलगिरीतील बरेचसे पाणी वनक्षेत्रात आणि विद्युत प्रकल्पांच्या हद्दीत आहे. उटीच्या मत्स्य विभागाकडून आणि वनविभागाकडून होकार आल्याखेरीज तिकीट काढू नये. मे २०२४ पासून निलगिरीत जाणाऱ्या वाहनांना ई-पासही घ्यावा लागतो. प्रवासाचे पारडे जवळपास समान आहे. दिल्लीपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून रात्रीच्या मनाली बसने औटला उतरायचे आणि तीर्थन खोऱ्यातील बंजारकडे वळायचे, किंवा केरळ एक्सप्रेसने कोइम्बतूर गाठून घाट चढायचा.

सुटी एप्रिलमध्ये किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात असेल, तर मी कोणताही विचार न करता तीर्थन सुचवीन. मेच्या मध्यात जाणाऱ्याने बरोट निवडावे आणि सकाळचे तास राखून ठेवावेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात, परवानगी हाती असेल तर निलगिरी. परंतु नैर्ऋत्य मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात केरळात पोचला, की निलगिरीचा पश्चिम भाग लगेच भिजतो, म्हणून परतीची तारीख मेअखेरीचीच ठेवावी. परवानगी मिळाली नाही किंवा सुटी जूनमध्येच असेल, तर यंदाचा बेत सप्टेंबर-ऑक्टोबरवर ढकलावा. पावसानंतर तीर्थन पुन्हा नितळ होते आणि हंगाम ऑक्टोबरअखेरपर्यंत खुला असतो.

मासा सोडून द्यायचा असेल, तर या दोन्ही पाण्यांवर उलटा काटा (बार्ब) नसलेला हूक वापरावा, हात ओले करूनच त्याला धरावे आणि पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. जलाशयाचे पाणी दुपारी तापलेले असेल, तर त्या वेळी गळ टाकणेच थांबवावे, कारण दमलेला ट्राउट कोमट पाण्यात सोडला तरी बहुधा वाचत नाही.