खालच्या डाव्या बाजूचा फिक्स ब्रिज, दहा महिने वापरून झाल्यावर

मागच्या मे महिन्यात, पेरणीच्या आधी हातात थोडा वेळ होता तेव्हा ब्रिज बसवला, म्हणजे गेलेल्या दाढांच्या जागी बाजूच्या दातांच्या आधारानं पक्के बसवलेले खोटे दात. आता मार्च चालू आहे, म्हणजे पोळा, दिवाळी, हुरडा, होळी सगळं यावर खाऊन झालं, म्हणून आता लिहून राहिलो. बसवल्या बसवल्या लिहिलं असतं तर नुसतं "मस्त आहे" एवढंच लिहिलं असतं. (मोबाईल दरवेळी दाढेची दाढी करून राहिला आहे, कुठं राहून गेलं तर समजून घ्या.)

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, शेती आणि घरीच छोटं किराणा दुकान. सहा वर्षांपूर्वी खालची डावी मोठी दाढ आणि तिच्या पुढची लहान दाढ अशा दोन किडून गेल्या, तालुक्याला जाऊन काढून टाकल्या. काढणाऱ्याने गोळ्या दिल्या, कापूस दाबून धरा म्हणाला, झालं. तिथं परत दात बसवावा लागतो, नाही बसवला तर काय होतं, एक शब्द नाही. आणि मीही विचारलं नाही, खरं सांगायचं तर दुखणं गेलं याचाच आनंद होता. मग सहा वर्षं उजव्या बाजूनं चावलं.

या सहा वर्षांत काय झालं ते एक्सरेत दिसलं. शेत पडीत ठेवलं की बाजूचा जसा धुरा कोरत कोरत आत येतो, तसं मागची दाढ पुढं झुकली होती आणि वरची दाढ खाली उतरली होती, कारण तिला टेकायला खाली काही उरलंच नव्हतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, काका, तेव्हाच सहा महिन्यांत आले असते तर काम सोपं होतं. (वय सेहेचाळीस, काका म्हटलं की अजून लागते.)

मधे एकदा काढघालीचे दात केले होते, बाराशे रुपयात, गुलाबी प्लास्टिकची प्लेट. जेवताना हालत होती म्हणून काढून शर्टाच्या खिशात ठेवायचो. कापूस वेचणीच्या दिवसात खिशातून कुठं पडली ते आजपर्यंत समजलं नाही, घरचे म्हणतात जिनिंगमधे गेली असेल. त्यानंतर ठरवलं की बसवायचं तर फिक्सच.

आता पैशाचं. इम्प्लांटचे, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, मला एका दाताचे तीस हजार सांगितले, दोनचे साठ, वरून हाड धरायला तीन-चार महिने थांबा, आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर इम्प्लांट फेल जायचा धोका जास्त हेही सांगितलं. ब्रिजमधे दोन प्रकार, मेटल-सिरॅमिक (आत धातू, वरून सिरॅमिक) एका युनिटचे म्हणजे एका दाताचे साडेतीन हजार आणि झिर्कोनियाचे आठ हजार. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, माझे दात गेले दोन पण पैसे लागतात चारचे, कारण पुढचा एक आणि मागचा एक असे दोन खांब धरून त्यावर कॅप बसते आणि मधले दोन त्यांना जोडलेले असतात. मी डोक्यात सात हजार धरून गेलो होतो. मेटल-सिरॅमिकचे चौदा हजार, मागच्या दाढेचं रूट कॅनल (आतली नस काढणं) साडेतीन हजार, यवतमाळला जाऊन काढलेला पूर्ण जबड्याचा मोठा एक्सरे वेगळा, आणि जाणंयेणं. भाचा म्हणत होता मामा सावंगी मेघेच्या डेंटल कॉलेजला जा, नाहीतर नागपूरच्या सरकारी डेंटलला, तिथं खर्च कमी येतो. बरोबर होतं त्याचं, पण कॉलेजमधे शिकणारी पोरं मोठ्या डॉक्टरला दाखवत दाखवत करतात, चकरा जास्त, आणि पेरणी तोंडावर होती. ज्याच्याकडे दिवस आहेत त्यानं जरूर तिकडं पाहावं.

मला खरं अडलं ते पैशात नाही, घासण्यात. ब्रिज बसवायला बाजूचे दोन दात चारी बाजूंनी घासून बारीक करतात, आणि ते घासलेलं परत येत नाही. पुढची लहान दाढ माझी एकदम धडधाकट, कीड नाही काही नाही. आई म्हणाली, "दोन गेले तं गेले, आता चांगले दोन काऊन घासून राहिला बाप्पा?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. मॅडमनी लपवलं नाही, त्या म्हणाल्या चांगला दात घासणं हाच ब्रिजचा तोटा आहे, पण पैसे, वेळ आणि तुमचा खर्रा तिन्ही पाहता हेच जमेल. मी आठ दिवस घेतले आणि हो म्हटलं.

मागची दाढ झुकलेली असल्यामुळं दोन्ही खांब एका रेषेत आणायला ती जास्त घासावी लागणार होती आणि आतली नस उघडी पडली असती, म्हणून तिचं आधी रूट कॅनल, तीन बैठका. खाली उतरलेली वरची दाढही थोडी घासली. घासायच्या दिवशी दीड तास तोंड उघडं. इंजेक्शनमुळं दुखत काहीच नाही, पण वास! पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं साळताना येतो ना, थोडा तसाच. मग मळलेल्या कणकीसारखा मसाला ट्रेमधे भरून माप घेतलं. अर्धा ओठ संध्याकाळपर्यंत मेलेला, मी घरी येऊन गरम चहा प्यालो आणि ओठ चावून ठेवला तो समजलाच नाही, रक्त पाहून पोरगी ओरडली तेव्हा समजलं. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊपिऊ नका म्हणतात ते उगाच नाही.

नागपूरच्या लॅबमधून दात बनून यायला दहा-बारा दिवस लागले, तोपर्यंत प्लास्टिकचा टेम्पररी. तो एका घरी जावळाच्या कार्यक्रमात रोडगे आणि वांग्याची भाजी खाताना निघून हातात आला. आणि निघाल्यावर घासलेल्या लहान दाढेला माठातलं पाणी लागलं तशी कळ डोक्यात गेली. मे महिना, थंड पाणी पिता येत नाही, काय हाल असतील समजा. दुसऱ्या दिवशी परत चिकटवून दिला. मधे एकदा नुसत्या धातूचा सांगाडा बसवून पाहिला, मग रंग जुळवला, माझा ए थ्री निघाला म्हणजे पिवळ्याकडं झुकलेला. मी जरा पांढरा द्या म्हटलं तर मॅडम म्हणाल्या बाकीचे अठ्ठावीस पण बदलायचे का मग.

पक्का बसवल्यावर पहिल्या आठवड्यात एका जागी दात आधी टेकून राहिला होता, जेवताना ठणक. संकोचानं चार दिवस गेलो नाही, ती चूक. गेलो तर निळा कागद चावायला दिला, ठिपका पडला तिथं दोन मिनिटं घासलं, ठणक दोन दिवसांत गायब. उंच राहिलेला ब्रिज अंगवळणी पडेल म्हणून सोडू नका, खालच्या खांबाला मार बसत राहतो.

खाण्याचं सांगतो. भाकर-ठेचा, मटण, फुटाणे, सगळं डाव्या बाजूनं. सहा वर्षांनी डावीकडून मटण चावलं त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, घरच्यांनी मोजल्या होत्या. भादव्यात भुट्टे खाल्ले, दाणे चावायला त्रास नाही पण त्याची सालं ब्रिजखाली जाऊन बसतात. तुरीच्या शेंगा, हुरडा, तसंच. बोरानं मात्र घात केला. जानेवारीत बोलता बोलता आठोळी कडकन दाताखाली आली आणि मधल्या दाताच्या कडेचा सिरॅमिकचा टवका उडाला, नखाच्या अर्ध्याएवढा. जिभेला सारखं खरखरीत लागायचं. मॅडमनी घासून गुळगुळीत करून दिलं, म्हणाल्या आतला धातू उघडा पडला नाही, चालेल. चालून राहिलं आहे, पण मोठ्यानं हसलं की दिसते.

आता सगळ्यात मोठं. मधले दोन खोटे दात हिरडीत रुतलेले नसतात, नुसते वरून टेकलेले असतात, खाली बारीक फट राहते आणि अन्न तिथं जातं. ब्रश पोचत नाही. मला बसवताना सांगितलं होतं, कागदही दिला होता, मी तो दुकानाच्या गल्ल्यात टाकला. सोयाबीन सोंगणीच्या दिवसात तोंडाला वास यायला लागला, हिरडीतून रक्त, बायको म्हणाली, "अवो, तुमच्या तोंडाचा वास येऊन राहिला, खर्र्याचा नाही, दुसराच." गेलो तर मॅडमनी ब्रिजखालून एक धागा ओढून काढला आणि तो मला दाखवला. वर्णन करत नाही. मग सफाई करून दिली आणि जे ऐकवलं ते ऐकून घेतलं.

तो धागा म्हणजे सुपरफ्लॉस. एक टोक कडक असते ते फटीतून सुईसारखं ओवायचं, मधला भाग फुगीर स्पंजसारखा, तो खालून पुढंमागं फिरवायचा. तालुक्याच्या मेडिकलमधे नाही मिळाला, दोन दुकानदारांना तर नावच माहीत नव्हतं. घरचा शिवायचा दोरा वापरून पाहिला तर तो उसवून तंतू खालीच अडकले, त्यावरही बोलणी खाल्ली. शेवटी पोरीनं ऑनलाइन मागवला, आमच्या पिनकोडवर येत नाही म्हणून तालुक्याला तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर. सोबत दातांमधला बारीक बाटली-ब्रशसारखा ब्रश. आता रोज रात्री तीन-चार मिनिटं आरशासमोर, बायको हसते, "बंडीले वंगण देऊन राहिले का?" पण वास गेला, रक्त गेलं.

खर्रा सुटला का? नाही. चारच्या जागी एक पुडी झाली, ती उजव्या बाजूला धरतो, त्यात काही शहाणपण नाही हे मला माहीत आहे. सुपारी ब्रिजवर फोडत नाही एवढंच.

आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यावर दातांची पेटी मांडून बसतात त्यांच्याकडं कोणी जात असेल तर हात जोडतो. आमच्या एका नातेवाइकानं पाचशे रुपयात तासाभरात "फिक्स" दात करून घेतला, म्हणजे तारेनं आणि प्लास्टिकनं बाजूच्या दातांना बांधून दिला. निघत नाही, साफ होत नाही. वर्षात हिरडी सडून बाजूचे दोन हलायला लागले, एकाचे तीन झाले. दाताचं काम करायला नोंदणी लागते, हा नियम 1948 च्या कायद्यापासून चालत आला आहे. भिंतीवर नोंदणीचा कागद लावलेला असतो तो पाहून घ्या, कोणी रागावत नाही.

किती वर्षं चालेल विचारलं होतं. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं, म्हणाल्या, पण दोनपैकी एक खांब कॅपखाली किडला तर चारही कापून काढावे लागतात. माझ्या मागच्या दाढेची नस काढलेली, म्हणजे तिथं कीड लागली तरी दुखणार नाही, समजणारच नाही. म्हणून सहा महिन्यांनी दाखवायचं. नोव्हेंबरची तारीख मी कापसाच्या नादात चुकवली, जानेवारीत टवक्यासाठी गेलो तेव्हा एक्सरे मशीन बंद होती, आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं आहे. लहान दाढेला कधीकधी थंड लागते अजून, तेही तेव्हाच दाखवीन.